निकाल आधीच ठरलेला असेल, तर शूट-स्टाइल जपानी रेसलिंगची मॅच थोर कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कियोशी तामुरा विरुद्ध त्सुयोशी कोसाका, २७ जून १९९८, रिंग्ज या जपानी रेसलिंग कंपनीचा कार्यक्रम. या लढतीला लोक इतकं डोक्यावर का घेतात? ३० मिनिटं दोघं एकमेकांत गुंतलेले, शेवटी बरोबरी, आणि तीही ठरवून. मग त्यात पाहायचं काय?

मी ही लढत पुन्हा पुन्हा पाहत आलोय आणि शूट-स्टाइलमध्ये, म्हणजे खऱ्या लढतीसारख्या लढल्या जाणाऱ्या रेसलिंगमध्ये, मला तिच्याहून सुंदर काही सापडलेलं नाही. बहुतेक जाणकार ती ठरवलेली मानतात, मीही मानतो. पण आपल्याकडच्या नुरा कुस्तीत पैलवान अंग राखून खेळतो, ताकद लावल्याचं नुसतं सोंग आणतो. इथं ठरलेला असतो तो फक्त शेवट. त्या शेवटापर्यंत पोहोचायला जे कसब लागतं ते खरंच अंगात असावं लागतं. नसेल, तर पाचव्या मिनिटाला उघडं पडतं.

थोडी पार्श्वभूमी. १९८४ मध्ये जपानात यूडब्ल्यूएफ नावाची कंपनी निघाली. अकिरा माएदा, योशिआकी फुजिवारा, नोबुहिको ताकादा ही मंडळी तिचा कणा. त्यांनी रेसलिंगमधलं जे जे खऱ्या मारामारीत कधीच घडणार नाही ते काढून टाकायला घेतलं: प्रतिस्पर्ध्याला दोरांवर ढकलायचं आणि त्यानं आज्ञाधारकपणे उसळून परत यायचं, खांबावर चढून उड्या मारायच्या, असलं सगळं. उरल्या लाथा, फेका आणि सांधे पिळण्याचे डाव. यामागे कार्ल गॉच या बेल्जियन मल्लाची शिकवण होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरलेला आणि इंग्लंडमधल्या विगन गावच्या बिली रायलीच्या जिममध्ये तयार झालेला हा माणूस. त्याच्या व्यायामाचा पाया होता दंड आणि बैठका. जपानी रेसलिंगच्या डोजोत, म्हणजे तिथल्या तालमीत, नवी पोरं आजही शेकड्यांनी बैठका मारतात. आपल्या तालमीतल्या माणसाला तिथं पहिल्या दिवशी परकं वाटणार नाही.

पहिली यूडब्ल्यूएफ लवकर बुडाली. १९८८ मध्ये दुसरी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिनं टोकियो डोम भरून दाखवला. १९९१ मध्ये तिचे तीन तुकडे झाले. त्यातला माएदाचा तुकडा म्हणजे रिंग्ज, ताकादाचा यूडब्ल्यूएफआय. रिंग्जमध्ये साम्बो ही रशियन कुस्ती खेळणारे आले, डच किकबॉक्सर आले, जुडोवाले आले. खांदे टेकवून तीन मोजण्याची पद्धत इथं नव्हती. समोरच्यानं हार मानली तर जिंकलात, किंवा त्याला उठता आलं नाही तर.

आता आपली अडचण नेमकी कुठं होते ते सांगतो. कुस्ती पाहून तयार झालेली आपली नजर पाठ टेकली की थांबते. चीत झाला, विषय संपला. रिंग्जमध्ये पाठ टेकल्यावर खरा खेळ सुरू होतो. कोसाका मूळचा जुडोवाला, आणि पाठीवर पडलेला असतानाही धोकादायक. वर बसलेल्याच्या धडाभोवती खालून पायांची कात्री घालायची, त्याला उलथवायचं आणि तिथूनच त्याचा पाय पकडायचा, ही त्याची युक्ती आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. या लढतीआधी तीनच महिने, मार्च १९९८ मध्ये, त्यानं अमेरिकेत यूएफसीमध्ये, म्हणजे न ठरवलेल्या खऱ्या लढतींच्या स्पर्धेत, किमो लिओपोल्डोला हरवलं होतं. तामुरा वजनानं हलका, पण त्याच्याइतक्या चपळाईनं अंग फिरवणारा दुसरा जपानी मल्ल मी पाहिलेला नाही. २००० मध्ये त्यानं ब्राझिलियन जिउ-जित्सूवाल्या रेन्झो ग्रेसीला खऱ्या लढतीत पंचांच्या निर्णयावर हरवलं. म्हणजे कुठला डाव लागतो आणि कुठला नुसता दिसायला छान, हे दोघांनाही पक्कं ठाऊक.

म्हणून पाहताना चेहरे सोडा. कंबर पाहा, पावलं पाहा. एकानं हात धरला की दुसऱ्याचा मोकळा हात कुठं जातो ते पाहा. तामुरा पाय पिळायला मागे झुकतो, तेवढ्यात त्याचं वजन कोसाकाच्या छातीवरून उठतं आणि कोसाकाला कंबर वळवायला जागा मिळते. असले क्षण इथं एकामागून एक येतात आणि कुणीही ते हातवारे करून तुम्हाला दाखवत नाही. डाव लागायच्या आतच त्याची तोड सुरू झालेली असते. साध्या रेसलिंगमध्ये एक मल्ल डाव करतो आणि दुसरा तो करू देतो, ते 'करू देणं' इथं शोधूनही सापडत नाही. सगळं ठरवलेलं आहे हे माहीत असूनही माझा श्वास अडकतो तो याचमुळे.

दोरांकडेही लक्ष असू द्या. पकडीत सापडलेला मल्ल दोर धरून सुटू शकतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. ताकादाच्या यूडब्ल्यूएफआयमध्ये प्रत्येकाला सुरुवातीला १५ गुण असत, दोर धरला की एक कमी, मार खाऊन पडला की तीन. रिंग्जचा हिशेब वेगळा, तत्त्व तेच. त्यामुळे रिंगच्या मध्यावर लागलेली पकड आणि दोरापासून हातभर अंतरावर लागलेली पकड या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. चांगला मल्ल आधी समोरच्याला मध्यावर ओढतो, मग पिळतो. जपानी प्रेक्षकांना हे कळतं. नुसत्या सुटकेलाही टाळ्या पडतात.

बरोबरीबद्दलही तुमची तक्रार दिसते. मला उलट वाटतं. ३० मिनिटं दोघांनी एकमेकांच्या प्रत्येक डावाला तोड काढल्यावर शेवटी कुणी अचानक हार मानली असती, तर आधीचं सगळं खोटं पडलं असतं.

एवढं करूनही पहिल्यांदा जड गेलीच, तर सुरुवात वोल्क हानपासून करा. दागेस्तानचा हा साम्बोवाला १९९१ च्या डिसेंबरात माएदासमोर पहिल्यांदा उतरला. त्याच्या पकडी इतक्या विचित्र आणि ठसठशीत असतात की नियम माहीत नसलेल्यालाही काय चाललंय ते दिसतं. त्याच्या तामुराबरोबर १९९६-९७ मध्ये झालेल्या लढती पाहा, आणि मग कोसाकाकडे या.