अमेरिकेतलं पायलटचं लायसन्स भारतात चालतं का?

परदेशातून पायलट होऊन आलेली मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: तिकडचं लायसन्स इथे चालत नाही म्हणे, मग एवढा पैसा पाण्यात गेला का? नाही गेला. पण तिकडचं लायसन्स पुढे केलं की इथलं हातात पडतं, असंही नाही. निफाडकडच्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलाने फ्लोरिडातून कमर्शियल पायलट लायसन्स आणलं होतं, सोबत मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडवणं) रेटिंग. त्यासाठी वडिलांनी द्राक्षबागेवर कर्ज काढलं होतं. परतल्यावर मुलगा घराबाहेर पडेना. गावात जो भेटेल तो विचारायचा, "काय कॅप्टन, विमान कधी उडवणार?" पोरगं आळसावलं, असं वडिलांना वाटत होतं. माझ्याशी एकट्याने बोलताना त्याने खरं कारण सांगितलं. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्याकडे पायलटना लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे त्याचे उड्डाणाचे तास कमी भरत होते. हे तास ज्या वहीत नोंदवतात त्या लॉगबुकाबद्दल एका एजंटने सुचवलं होतं, "लॉगबुकात लिहून टाक, कोण बघतंय!" तसं करायला त्याचं मन धजत नव्हतं, आणि घरी सांगायलाही.

पुढच्या वेळी मी वडिलांनाही बोलावलं आणि लॉगबुक टेबलावर उघडून ठेवलं.

डीजीसीए एकूण २०० तास मागते. ते होते. (अमेरिकेत तिथल्या नियमांच्या पार्ट १४१ खालच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १९० तासांतही कमर्शियल मिळतं. अशी मुलं इथे पहिल्याच पायरीवर अडतात.) त्या २०० पैकी १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे पीआयसी (विमानाची जबाबदारी ज्याच्यावर, तो पायलट) म्हणून लागतात. पीआयसीच्या रकान्यातली बेरीज शंभराच्या वर जात होती. पण बऱ्याच ओळींत तेच तास शेजारच्या ड्युअलच्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकताना उडवलेल्या तासांच्या, रकान्यातही होते आणि पुढे इन्स्ट्रक्टरची सही. तिथे लायसन्स हातात आलं की इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाही, कंट्रोल्स तुमच्या हातात असतील तर तो वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. आपल्याकडे तो ड्युअलच. पेन्सिलने एकेक ओळ वजा करत गेलो तेव्हा दहाएक तासांची तूट निघाली. रात्रीची दहा टेकऑफ-लँडिंगही पीआयसी म्हणूनच लागतात; त्यांपैकी काही इन्स्ट्रक्टरसोबतची होती, तीही गळाली.

"म्हणजे पोरानं खोटं लिहिलंय?" वडिलांनी विचारलं.

"नाही दादा. तिथल्या नियमाने त्याने बरोबरच लिहिलंय. इथला नियम वेगळा आहे."

एवढं ऐकून मुलाचा चेहरा किती सैल झाला! वडील बराच वेळ पानं उलटत राहिले, मग म्हणाले, "तूट भरून निघते ना?" निघते. इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये राहिलेले तास पूर्ण करता येतात, आणि तसंही कन्व्हर्जनसाठी, म्हणजे परदेशी लायसन्सवरून इथलं मिळवण्यासाठी, दिवसाच्या व रात्रीच्या उड्डाण चाचण्या द्याव्याच लागतात. खर्च वाढतो, पण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

एजंटच्या सल्ल्याबद्दल मात्र मी दोघांशी स्पष्ट बोलले. २०११ मध्ये बनावट कागदपत्रांवर लायसन्स मिळवल्याच्या प्रकरणात पायलटना अटक झाली होती. दहा तास महिन्या-दोन महिन्यांत भरता येतात. एक खोटी ओळ आयुष्यभराची नोकरी घालवते. आणि त्या विमानात माणसं बसणार असतात.

परीक्षांचं त्याला वाईट वाटत होतं: पुन्हा कशाला? परदेशी लायसन्सधारकाला इथे दोन पेपर द्यावे लागतात: एक एअर रेग्युलेशन्सचा, म्हणजे उड्डाणाच्या नियमांचा, आणि दुसरा नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्र; पासिंग ७० टक्के. त्यामागे कारण आहे. अमेरिकेत ट्रान्झिशन अल्टिट्यूड (ज्या उंचीवर उंचीमापक, म्हणजे आल्टिमीटर, स्थानिक हवेच्या दाबाऐवजी प्रमाण दाबावर लावतात) सरसकट १८,००० फूट, आपल्याकडे ती विमानतळागणिक ठरते. तिथे आल्टिमीटरचं सेटिंग इंचांत सांगतात, इथे हेक्टोपास्कलमध्ये. हे पटल्यावर त्याने अभ्यासाला सुरुवात केली. बँकेत जाऊन कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलायचं काम वडिलांनी स्वतःकडे घेतलं. रेग्युलेशन्सचा पेपर सुटला आहे, दुसऱ्याची तयारी चालू आहे.

अजून जायचे असाल तर क्लास वन मेडिकल, म्हणजे कमर्शियल पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी, इथेच आधी करून घ्या. त्यात काही निघालं तर कर्ज काढण्याआधी कळलेलं बरं. बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसतील तर तेही आधी बघा. जे सध्या तिकडे आहेत त्यांनी डीजीसीएच्या तासांचा तक्ता इन्स्ट्रक्टरपुढे ठेवावा, रात्रीची उड्डाणं शक्य तिथे सोलो, म्हणजे एकट्याने, मागून घ्यावीत. ३०० नॉटिकल मैलांच्या क्रॉस-कंट्रीत, म्हणजे लांबच्या उड्डाणात, दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग लागतं. ते केलं असेल तर शेऱ्याच्या रकान्यात त्याच दिवशी तसं लिहावं. सह्या, शिक्के, शाळेची पत्रं निघण्यापूर्वीच घ्यावीत. इन्स्ट्रक्टर नोकरी बदलतात, आणि नाशिकहून ईमेल पाठवून त्यांना शोधत बसणं फार जड जातं.