‘सगळं तूच पाहजो’ म्हटल्यावर उडालेली झोप

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला ३१ वर्षांचा शेतकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लहानपणापासूनच्या दोस्ताचं लग्न १२ दिवसांवर आलेलं आणि दोस्त सांगून मोकळा झालेला, “सगळं तूच पाहजो.” तेव्हापासून रात्री अडीचला जाग येते, छाती धडधडते. “काही चुकलं तं माया नावानं बोंब होईन, सर.”

एप्रिल-मेमध्ये ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बरेच असतात. आपल्या लग्नात नात्यांची कामं ठरलेली आहेत. मामा नवरीला मांडवात आणतो, नवरीचा भाऊ कान पिळतो, करवली मागे उभी राहते. दोस्ताला विधीत जागाच नाही, त्यामुळे उरलंसुरलं सगळं त्याच्या गळ्यात पडतं. ज्या कामाला हद्द नाही ते संपतही नाही, आणि रात्री डोकं त्याचाच हिशेब करत बसतं.

म्हणून आधी वही. मनात घोळणारं एकेक काम लिहायचं आणि समोर ‘हे कोणी सांगितलं?’ ते लिहायचं. २३ कामं निघाली. त्यातल्या ११ पुढे कोणाचंच नाव नव्हतं, ती त्यानं स्वतःच अंगावर घेतली होती. सात मुलीकडच्यांची होती: पाण्याचा टँकर, कूलर, पंगतीची वाढपी पोरं वगैरे. उरली पाच. त्यातलं ‘पिणाऱ्या दोस्तांना आवरणं’ काढायला लावलं. बरोबरीच्या पोराचं तिथं कोणी ऐकत नाही. ते काम ज्यांचा धाक आहे अशा मामांकडे किंवा थोरल्या जावयाकडे द्यावं.

वरातीचं गणित उलटं मांडायचं. मारुतीच्या देवळापासून मांडव अर्ध्या किलोमीटरवर असला तरी संदल (वरातीतलं वाजंत्री पथक) वाजायला लागलं की दीड तास जातो, कारण प्रत्येक चौकात नाच थांबतो. मुहूर्त साडेसातचा असेल तर वरात पावणेसहाला हललीच पाहिजे. कुठं थांबायचं, किती वेळ थांबायचं हे संदलवाल्याशी इसार देतानाच ठरवावं. ऐन वरातीत तो नाचणाऱ्यांचंच ऐकतो. रात्री १० नंतर लाऊडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे, हेही त्याला तेव्हाच सांगून ठेवावं. घोडीवरचा नवरदेव ४३ अंशात शेरवानीत असतो. दर १५-२० मिनिटांनी त्याला मीठ-साखरेच्या पाण्याचे चार घोट पाजणं, हे मात्र दोस्ताचंच काम.

पैशाची थैली नवरदेवाच्या बाबांकडून मोजून घ्यावी, ५० आणि १०० च्या नोटांत. घोडीवाला, वाजंत्री, जोडे लपवणाऱ्या साळ्या, सगळ्यांना त्यातूनच. खिशातले घातले की ते मागायची लाज वाटते, मग वर्षभर मनात सलतं. हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळीच द्यावा.

एवढं ठरलं आणि झोप थोडी सुधारली. पण थोडीच.

दुसऱ्या भेटीत खरं दुखणं बाहेर आलं. वहीतली कामं त्याला जड नव्हतीच. त्याला भीती होती मांडवातल्या एका प्रश्नाची: “तुयं कवा?” चार ठिकाणी पाहून झालं होतं, मुलीकडच्यांना नोकरीवाला हवा होता. हा दर वेळी हसून टाळायचा आणि घरी येऊन छताकडे पाहत पडायचा. इथं ‘लक्ष देऊ नको’ हा सल्ला कुचकामी. त्यापेक्षा एक वाक्य तोंडात बसवून घेतलं: “आज याचं आहे, काकाजी. तुमी जेवून घ्या पहिले.” खोलीत ते दहा वेळा मोठ्यानं म्हणून घेतलं. पहिल्या दोन वेळा आवाज कापला. सोबत श्वास: चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, झोपण्याआधी. आणि दोस्ताला एकट्यात गाठून ‘मले जड जाऊन राह्यलं’ एवढं तरी सांगायचं, असं ठरलं. ते त्यानं हळदीच्या आदल्या दिवशी, शेताच्या बांधावर सांगितलं.

झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, जेवण तुटलं, ‘आपण नसलेलंच बरं’ असं बोलणं निघालं, तर वही-श्वासावर थांबू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र सुरू असतो.

लग्नानंतरच्या भेटीत त्यानं वही दाखवली. “तुयं कवा?” सात जणांनी विचारलं होतं, त्यानं रेघा मारून ठेवल्या होत्या. पाचव्या रेघेनंतर वाक्य आपोआप निघालं, म्हणाला. आता एकच काम बाकी होतं: ग्रामपंचायतीत विवाहनोंदणीला तीन साक्षीदार लागतात, त्यातला तिसरा तो. आधारची झेरॉक्स वहीतच ठेवली होती.