हळदीकुंकू छाटायचं की ठेवायचं?

प्रश्न : मी मूळची सांगलीची, सध्या ह्यूस्टनला असते. मोनार्क फुलपाखरांसाठी नर्सरीतून मिल्कवीड आणलं, त्यांचे सुरवंट याचीच पानं खातात ना. बघते तर आपलं हळदीकुंकूच! सुरवंटांनी पानं फस्त केली, मला केवढा आनंद झाला. पण शेजारीण म्हणते, ऑक्टोबरात ते छाट, नाहीतर फुलपाखरांचं नुकसान होईल. खायला घालून नुकसान कसं? आणि मोनार्क कमी झाले ते शेतीमुळे की हवामानामुळे?

उत्तर : शेजारणीचं ऐका. टेक्ससचं देशी मिल्कवीड थंडीत जमिनीलगत वाळून जातं. हळदीकुंकू ह्यूस्टनच्या सौम्य थंडीला दाद देत नाही, हिरवंच राहतं. मग हिवाळा काढायला मेक्सिकोला निघालेली काही फुलपाखरं तिथेच थांबतात आणि अंडी घालतात. त्यांच्या अंगावर एका परजीवीचे बीजाणू असतात (शास्त्रज्ञ त्याला ‘ओई’ म्हणतात). ते पानांवर झडतात आणि सुरवंटाच्या पोटात जातात. झाड वाळलं की त्या पानांबरोबर बीजाणूही जातात. वाळलंच नाही तर साठत राहतात. लागण जबर असेल तर कोशातून फुलपाखरू धड बाहेर पडत नाही. पंख चुरगळलेले राहतात, कधी पोट कोशालाच चिकटून बसतं. एकदा पाहाल तर कात्री शोधायला वेळ लावणार नाही.

ऑक्टोबरात टीचभर ठेवून छाटा, फेब्रुवारीपर्यंत फुटवा आला की पुन्हा छाटा. हातमोजे घाला. चीक डोळ्यात गेला तर थेट डॉक्टरांकडेच जावं लागतं.

आता शेती की हवामान? मोनार्कच्या वाटेवरल्या मुक्कामागणिक उत्तर वेगळं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, आयोवा-इलिनॉयकडे, दोष मुख्यतः शेतीचा. तिथे मक्या-सोयाबीनच्या ओळींत मिल्कवीड तण म्हणून उगवायचं. 1996 पासून तणनाशक सोसणारं सोयाबीन आलं, मागोमाग मका, आणि ग्लायफोसेट हे तणनाशक उभ्या पिकावर मारता येऊ लागलं. पीक राहिलं, तण गेलं. 1999 ते 2010 या काळात मध्य-पश्चिमेतलं मिल्कवीड सुमारे 58 टक्के घटल्याचा अंदाज आहे. पुढे इथेनॉलसाठी मका वाढला आणि पडीक रानंही नांगराखाली गेली.

मेक्सिकोत दोष जंगलतोडीचा आणि हवामानाचाही. मिचोआकानच्या डोंगरांत सुमारे 3000 मीटरवर ओयामेल नावाच्या फरच्या झाडांना ही फुलपाखरं घोसांनी लटकून हिवाळा काढतात. दाट रान त्यांना पावसापासून आणि गारठ्यापासून राखतं. तोड होऊन रान विरळ झालं की ओली फुलपाखरं एका रात्रीत गोठतात. जानेवारी 2002 च्या वादळात असंच झालं. तापमान वाढतंय, म्हणून तिथले वनशास्त्रज्ञ ओयामेलची रोपं आणखी उंचावर लावून बघताहेत. फुलपाखरं व्यापतात ते रान 1996-97 मध्ये 18 हेक्टर होतं, 2013-14 मध्ये 0.67 वर आलं, 2024-25 मध्ये 1.79.

आणि टेक्सस? मार्चमध्ये परतणारी मादी तुमच्याच राज्यात अंडी घालते. वर्षाची पहिली पिढी तिथली. ऑक्टोबरात दक्षिणेकडे जाणारी फुलपाखरं तिथेच मध पिऊन हिवाळ्यापुरती चरबी साठवतात. 2011 सारखा दुष्काळ पडला की फुलंच नसतात. म्हणून तुमच्या अंगणात मला पानांइतकीच फुलांची काळजी वाटते. ऑक्टोबरात फुलणारं फ्रॉस्टवीड लावा, ग्रेग्ज मिस्टफ्लॉवर लावा. हे आपल्या ओसाडीच्या नात्यातलं, निळसर गोंड्यांचं. मोनार्क त्याच्यावर मध प्यायला येतात.

कुंड्यांतलं हळदीकुंकू हळूहळू काढून टाका. त्याजागी तिथलं देशी मिल्कवीड, म्हणजे झिझोटीस किंवा ग्रीन अँटिलोपहॉर्न आणा. अँटिलोपहॉर्नचं बी नोव्हेंबरात उघड्यावर पेरा, थंडी खाल्ल्याशिवाय ते नीट रुजत नाही. पहिल्या वर्षी बहुधा फूल येणार नाही आणि रोप मेल्यासारखं दिसेल. उपटू नका, खाली मूळ जाड होत असतं.