सासूबाईंच्या हातचं काम काढू नका

प्रश्न : आमचं खेडं दर्यापूर तालुक्यात. सासूबाई ७२ वर्षांच्या, डॉक्टरनं डिमेन्शियाची, म्हणजे इसरण्याच्या आजाराची, सुरुवात आहे म्हटलं, गोळी चालू आहे. चहात दोनदा साखर टाकतात, चष्मा कुठं ठेवला तेच इसरतात, म्हणून आता मी त्याइले चुलीपाशी येऊच देत नाही, सगळं मीच करतो, त दिवसभर ओसरीत बसून चिडचिड करतात. गोळीशिवाय काही उपाय आहे का?

उत्तर : आहे ना ताई, पण आधी सगळं तुम्हीच करणं थोडं थांबवा. हात बसले की जे येतंय तेही लवकर जातं. गॅस तुमच्याच ताब्यात ठेवा, त्यात रिस्क नको, पण शेंगा सोलणं, मेथी निवडणं, कापसाच्या वाती वळणं हे हातांना वर्षानुवर्षं माहीत असलेलं काम डोकं विसरलं तरी बरेच दिवस टिकतं.

दुसरं म्हणजे त्यांना स्वतःला काय करावंसं वाटतं ते विचारा आणि तेवढं एकच धरा. इंग्लंड-वेल्समधे ४७५ जणांवर अशी चाचणी झाली, २०१९ ला छापून आली, जे काम पेशंटनं निवडलं त्यात फरक पडला, एकूण स्मरणशक्ती मात्र काही वाढली नाही. म्हणून मोबाईलवरच्या ब्रेन गेमच्या जाहिरातीला मी तरी पैसे देणार नाही.

चहाच धरला तर एका कपाची साखर आधीच वाटीत काढून ठेवा, वाटी रिकामी म्हणजे साखर पडली. चुकू देऊन मग टोकू नका, चूकच पक्की बसते. चष्म्याला एकच जागा, समजा देवाचा कोनाडा. "चष्मा कुठं?" लगेच विचारा, मग १ मिनिटानं, २, ४, ८ असं वाढवत जा, अडल्या तर उत्तर सांगून टाका आणि आधी जितक्या मिनिटांनी जमलं होतं तिथं परत या. परीक्षा घेतल्यासारखं नको हं, गप्पा मारता मारता.

संध्याकाळी गावात खंजेरी भजन, सामुदायिक प्रार्थना असेल तर न्या, चार माणसांत बोलणं होतं. ब्रिटनमधे तर लहान गटात गप्पा-गाणी-खेळाची १४ सत्रं, आठवड्यातून दोनदा, अशी पद्धतच आहे, सौम्य ते मध्यम डिमेन्शियात तिचा फायदा दिसलाय.

आणि बी-१२, थायरॉईड, कान तपासले का? नसतील तर पुढच्या फेरीत डॉक्टरांना म्हणा, गोळी मात्र मनानं बंद करू नका. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाईन १४५६७ आहे, फोन फुकट लागतो.