छोटा क्लब, मोठा बँड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एरवी स्टेडियम भरवणारा रॉक बँड तीनशे माणसांच्या क्लबात ऐकला. अगदी पहिल्या रांगेत, मधोमध उभा होतो, पण गायकाचे शब्दच कळले नाहीत. असे का?

उत्तर : तुम्ही उभे होतात त्या जागेमुळे. गाणे ऐकू येते ते स्टेजच्या दोन कडांना उंचावर लावलेल्या स्पीकरमधून, आणि त्यांची तोंडे मागच्या गर्दीकडे असतात. मधोमध पुढे उभ्या माणसाच्या डोक्यावरून तो आवाज निघून जातो. समोरून थेट येऊन आदळतात ते ड्रम्स आणि गिटारचे अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारे स्पीकरचे खोके. स्टेडियममध्ये बहुतेक सगळे मिक्सरमधूनच, म्हणजे प्रत्येक आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रातूनच, कानावर येते, म्हणून तिथे तोल साधता येतो. क्लबात ड्रम्सना आवाज कमी करायचे बटण नसते. दणकून वाजवलेला सेट जवळून 100 डेसिबलच्या वर सहज जातो आणि बाकी सगळ्यांना त्याच्या बरोबरीने चढावे लागते. आमच्या मते लहान जागेतला आवाज साउंड इंजिनिअरपेक्षा ड्रमरच्या हातावर जास्त अवलंबून असतो.

पुढच्या वेळी मिक्सरच्या थोडे पुढे उभे राहा. भिंत आणि कोपरा टाळा, तिथे बास साठतो.

प्रश्न : आमच्या छोट्या हॉलमध्ये गायकाचा माइक जरा वाढवला की शिट्टी वाजते. माइक बदलू का?

उत्तर : आधी मॉनिटरची, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरची, जागा बघा. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचेच ऐकणारा) माइक बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या थेट समोर हवा. सुपरकार्डिऑइड (समोरचे त्याहून अरुंद पट्ट्यात ऐकणारा) माइकला पाठीमागूनही थोडे ऐकू येते. त्याच्या बहिऱ्या जागा समोरच्या दिशेपासून साधारण 125 अंशांवर, दोन्ही बाजूंना असतात. तिथे मॉनिटर किंचित डावी-उजवीकडे सरकवावे लागतात. माइक नवा आणला आणि मॉनिटर जुन्याच जागी ठेवला, की शिट्टी उलट वाढते.

गायकाने माइकची जाळी मुठीत धरू नये; माइकची दिशा ओळखण्याची ताकदच जाते. ओठ जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर असावेत. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले, की मिक्सरला हात न लावता साधारण 6 डेसिबल मिळतात. गायकाच्या डोक्यामागे क्रॅश सिंबल (ड्रम्सची मोठी झांज) असेल तर ड्रम्स बाजूला सरकवा, नाहीतर गाणे वाढवाल तेवढी झांज वाढेल.

गिटारचा अँप जमिनीवर ठेवला की त्याचा आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर जातो. त्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो आवाज वाढवत राहतो आणि पुढची रांग हैराण होते. अँप स्टँडवर तिरका ठेवून त्याच्या कानाकडे वळवा, तो आपणहून कमी करेल. केवळ कमी वॉटचा अँप आणून फारसे साधत नाही: 100 वॉटवरून 50 वर आलात तरी फरक फक्त 3 डेसिबलचा.

प्रश्न : कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकला छान वाटलेला आवाज कार्यक्रमात बोदा का होतो?

उत्तर : माणसे आणि त्यांचे कपडे वरचे सूर शोषतात, खालचे फारसे नाहीत. रिकाम्या हॉलमध्ये कर्कश वाटते म्हणून ट्रेबल फार कापू नका. पहिल्या गाण्यातच पुन्हा जुळवा.

प्रश्न : मोठे बँड खोट्या नावाने का वाजवतात?

उत्तर : गर्दी आवरण्यासाठी. रोलिंग स्टोन्सनी 4 आणि 5 मार्च 1977 ला टोरांटोच्या एल मोकाम्बो क्लबात ‘द कॉक्रोचेस’ या नावाने वाजवले. जाहिरातीत मुख्य नाव एप्रिल वाइन या बँडचे होते. त्या ध्वनिमुद्रणातली काही गाणी त्याच वर्षीच्या ‘लव्ह यू लाइव्ह’ या अल्बममध्ये आहेत. खोली किती लहान असावी हे ती ऐकताना जाणवते.

प्रश्न : इतक्या जवळून ऐकताना कानांचे काय?

उत्तर : अमेरिकेतल्या नायोश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला 8 तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटे. कानात घालायचे फोमचे बोळे वरचे सूर जास्त दाबतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले बोळे सगळे जवळपास सारखेच कमी करतात. फोमचाच असेल तर तो बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा जवळजवळ काहीच अडवत नाही.