राज्यगीत, राज्यगान की महाराष्ट्रगीत?

प्रश्न असा आलाय: शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत 'जय जय महाराष्ट्र माझा'च्या पुढे 'राज्यगान' छापलंय, एक शिक्षक म्हणतात 'राज्यगीत' हवं, दुसरे म्हणतात सरळ 'महाराष्ट्रगीत' लिहा, तर बरोबर काय, आणि त्याला उभं राहायचं का?

आधी उत्तर देऊन टाकतो. राज्यगीत. एकच शब्द, जोडून. राज्यगान हे हिंदीतून आलेलं आहे आणि महाराष्ट्रगीत ही वेगळीच चीज आहे. उभं राहायचं का, तर हो. आता कारणं, आणि ती जरा लांबतील.

गोंधळाचं मूळ राष्ट्रगीत या शब्दात आहे. आपल्याकडे शाळेत 'राष्ट्रगीत शुरू कर' अशी हिंदी ऑर्डर दिली जाते आणि पोरं जन गण मन सुरू करतात. पण खुद्द हिंदीत जन गण मन म्हणजे राष्ट्रगान, आणि राष्ट्रगीत म्हणजे वंदे मातरम्. म्हणजे 'राष्ट्रगीत कोणी लिहिलं' या एकाच प्रश्नाला मराठी पोरगं रवींद्रनाथ म्हणणार, हिंदीवालं बंकिमचंद्र म्हणणार, आणि दोघंही आपापल्या भाषेत बरोबर. आपण वंदे मातरम् ला राष्ट्रीय गीत म्हणतो, 'ईय' लावून भागवतो. हिंदी बातम्या आणि हिंदी क्विझ बघून बघून हल्ली मराठीतही 'गान' शिरायला लागलंय, काहींना ते जास्त भारदस्त वाटतं म्हणे. बरं हिंदीत तरी एकमत कुठे आहे, मध्य प्रदेशात 'मध्यप्रदेश गान', छत्तीसगडात 'राजगीत', आणि बिहारने २०१२ मध्ये राज्यगीत वेगळं आणि राज्यप्रार्थना वेगळी अशी दोन-दोन घेतली.

इतर भाषांत तर अजून मजा. तेलुगूत राष्ट्र म्हणजे आपलं राज्य (तेलंगणा राष्ट्र समिती आठवा, त्यातलं राष्ट्र ते हेच), त्यामुळे तिकडे राष्ट्रगीतम् म्हणजे राज्यगीत. असमियात त्यांच्या राज्यगीताला 'जातीय संगीत' म्हणतात, ते वाचून मराठी माणूस दचकतो, पण तिकडे जातीय म्हणजे आपल्या अर्थाने राष्ट्रीय, जातपातीशी काही संबंध नाही. कन्नडात 'नाडगीते', मला विचाराल तर या सगळ्यांत सगळ्यात सुटसुटीत.

आता महाराष्ट्रगीत. हे खरं तर एका प्रकारच्या कवितेचं नाव आहे. कोल्हटकरांचं 'बहु असोत सुंदर', गोविंदाग्रजांचं (म्हणजे राम गणेश गडकरींचं) 'मंगल देशा पवित्र देशा' ही महाराष्ट्रगीतं. दोन्ही लिहिली गेली तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य नकाशावर नव्हतं, गडकरी १९१९ लाच गेले. त्यामुळे त्यांच्या गाण्यात 'देशा' अशी हाक आहे आणि ती जुन्या मराठीतल्या देश या अर्थाने, मुलूख म्हणून. महाराष्ट्रगीत कोणीही लिहू शकतं, तुम्हीही लिहा. राज्यगीत मात्र सरकारने ठरवल्याशिवाय होत नाही. राजा बढे यांचं गाणं, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळेंचा आवाज, हे सगळं कित्येक दशकं लोकांच्या तोंडात होतंच, १ मे ला तर गल्लोगल्ली लागायचं. पण ते राज्यगीत झालं १९ फेब्रुवारी २०२३ ला, शिवजयंतीला, त्याआधी जानेवारीच्या शेवटी मंत्रिमंडळाचा निर्णय झाला होता. मूळ तीन कडवी, राज्यगीतात दोन घेतली, वेळ १ मिनिट ४१ सेकंद. म्हणजे साबळेंची रेकॉर्ड पूर्ण लावलीत तर काटेकोरपणे ते राज्यगीत नाही, ते गाणं आहे! पत्रिका छापताना एवढा कीस कोणी काढणार नाही, पण शब्दाचा अर्थ बघायला बसलोय तर हा फरक सांगितलाच पाहिजे.

उभं राहण्याचा मुद्दा. सरकारी निर्णयासोबतच्या नियमांत राज्यगीताच्या वेळी सावधान उभं राहावं असं आहे, लहान मुलं, गरोदर बायका, आजारी, दिव्यांग, वृद्ध यांना सूट. आणि नुसत्या नावाने किती फरक पडतो ते बघायचं तर तमिळनाडूकडे बघा. तिकडे 'तमिळ ताय वाळ्त्तु' म्हणजे तमिळमातेची स्तुती, सुंदरम पिळ्ळै यांच्या १८९१ च्या 'मनोन्मणीयम' नाटकातलं वंदनगीत. १९७० मध्ये करुणानिधींच्या सरकारने ते सरकारी कार्यक्रमात सुरुवातीला म्हणायचं ठरवलं, पण घेताना कात्री लावली. मूळ पदात कन्नड, तेलुगू, मल्याळम, तुळू या तमिळच्या पोटातून निघाल्या असं होतं, आणि आर्यभाषेसारखी, म्हणजे संस्कृतसारखी, तू व्यवहारातून नाहीशी झाली नाहीस असंही होतं, ते काढलं. शेजाऱ्यांना आणि संस्कृतवाल्यांना एकदम डिवचणारं सरकारी गीत कसं चालेल.

पुढे २०१८ मध्ये चेन्नईच्या एका कार्यक्रमात हे गीत चालू असताना कांची मठाचे स्वामी विजयेंद्र सरस्वती बसून राहिले, त्यावरून केवढा गदारोळ, निदर्शनं, केस. ती केस मद्रास हायकोर्टात २०२१ च्या डिसेंबरमध्ये निकाली निघाली तेव्हा कोर्टाने म्हटलं की हे प्रार्थनागीत आहे, अँथम नाही, उभं राहण्याची सक्ती करणारा कायदा किंवा आदेश नाही. सरकारने काय केलं, त्याच महिन्यात आदेश काढून त्याला राज्यगीत म्हणून जाहीर केलं, ५५ सेकंदांत म्हणायचं आणि सगळ्यांनी उभं राहायचं. गाणं तेच, चाल तीच, पण काल प्रार्थना होती तेव्हा बसलं तर चालत होतं. म्हणून म्हणतो की हा शब्द साहित्यातला नाही, दफ्तरातला आहे.

आणि एकदा दफ्तरात गेलं की मग एकेका शब्दावर भांडण. त्याच तमिळ गीतात दख्खनचा आणि त्यातल्या द्रविड देशाचा उल्लेख आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरदर्शनच्या चेन्नईतल्या हिंदी महिन्याच्या कार्यक्रमात, राज्यपाल हजर असताना, नेमकी द्रविडची ओळ गायची राहिली, मुख्यमंत्री भडकले, दूरदर्शनने माफी मागितली. बंगालने २०२३ मध्ये रवींद्रनाथांचं 'बांगलार माटी' घेतलं तेव्हा 'बंगाल्यांचं' ऐवजी 'बंगालचं' करावं अशी टूम निघाली, कारण राज्यात बंगाली नसलेलेही राहतात, त्यावरही ओरड झाली आणि मूळ शब्द राहिले. कर्नाटकात तर कवी कुवेंपूंचं गीत २००४ ला ठरलं, चाल कुठली यावर २०२२ पर्यंत घोळ.

त्या मानाने आपल्याकडे शांतता आहे असं मला वाटतं. 'दिल्लीचेही तख्त राखितो' वरून राजकारणात टोमणे चालतात तेवढेच.

शेवटचं, क्रियापद. राष्ट्रगीत जसं 'म्हणतात' तसंच राज्यगीत म्हणतात, स्पीकरवर असेल तर 'लावतात' किंवा 'वाजवतात'. 'राज्यगीताचे गायन संपन्न होईल' असलं काही पत्रिकेत छापू नका, नुसतं 'राज्यगीत' लिहा, पुरे आहे. आणि दोन्ही असतील तर राष्ट्रगीत वेगळ्या ओळीवर.