पोहे खाऊन साखर तपासताना
कोणत्या पदार्थाने रक्तातली साखर किती वाढते, हे घरच्या ग्लुकोमीटरवर (बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे यंत्र) तपासायला आपण पोह्यांपासून सुरुवात करत आहात, हे उत्तम. पहिल्या घासापूर्वी एकदा आणि त्या घासापासून 2 तासांनी पुन्हा साखर तपासावी. नाश्ता संपल्यावर वेळ धरणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. पोहे वाटीने मोजून घ्यावेत, कारण आज एक वाटी, उद्या बशीभर आणि सोबत साखरेचा चहा असेल, तर वाढ कशामुळे झाली हे कळत नाही. हात धुऊन, कोरडे करूनच बोट टोचावे. केळे सोललेले बोट न धुता टोचले, तेव्हा मीटरने मला एकदा 240 दाखवले, हात धुतल्यावर 150! एकाच आकड्यावरून पोह्यांना दोषी ठरवू नये, निदान तीन सकाळी तपासावे. औषधाची मात्रा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.